रॉबर्ट प्लँटनं लेड झेपेलिन पुन्हा का उभं केलं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 41, पुण्यातल्या एका बँडमध्ये पंधरा वर्षं गाताय, कार्यक्रमात लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडची, म्हणजे रॉबर्ट प्लँटनं गायलेली, चार-पाच गाणी असतातच, आणि गेली दोन वर्षं वरचे सूर फाटतायत. गिटारवाला पट्टी खाली घ्यायला तयार नाही. त्याचं म्हणणं, "प्लँटचाही आवाज गेला म्हणूनच त्यानं बँड पुन्हा केला नाही, पट्टी उतरवणं म्हणजे हार." हे खरं का, आणि बँड संपल्यावर प्लँटनं इतकी वर्षं नक्की काय केलं, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः अठरा वर्षं रॉक गायलो आणि आता तितकीच वर्षं रॉक-पॉप गाणाऱ्यांना आवाजाचं शिकवतो. प्लँटच्या ध्वनिमुद्रणांवर मी विद्यार्थ्यांसोबत जितका वेळ घालवलाय, तितका दुसऱ्या कुठल्याही गायकावर घातलेला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्या गिटारवाल्याचा मुद्दा. प्लँटचा आवाज बदलला हे खरं. गेला हे खोटं. आणि बँड न करण्याचं कारण आवाज असतं, तर 2007 मध्ये बँडच्या एकुलत्या एका मैफलीत त्यानं जे गाऊन दाखवलं ते गाताच आलं नसतं. त्याकडे येतोच.

ऑगस्ट 1968 मध्ये प्लँट 20 वर्षांचा झाला आणि त्याच सुमारास गिटारवादक जिमी पेजच्या नव्या बँडमध्ये, म्हणजे लेड झेपेलिनमध्ये, शिरला. बर्मिंगहॅमच्या पट्ट्यातला पोरगा, वेस्ट ब्रॉमविचला जन्मलेला, अमेरिकन ब्लूज ऐकून वेडा झालेला. डिसेंबर 1980 मध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं तेव्हा तो होता 32 वर्षांचा. म्हणजे 'लेड झेपेलिनचा गायक' ही त्याची नोकरी बारा वर्षांची, आणि 'लेड झेपेलिनचा माजी गायक' ही ओळख पंचेचाळीस वर्षांची. बहुतेक जण त्या बारा वर्षांवरच बोलतात. मला मात्र शिकवायला उरलेली पंचेचाळीसच उपयोगी पडतात.

त्या बारा वर्षांत काय काय झालं हे मात्र विसरून चालणार नाही. 1975 च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर त्याचा मोटार अपघात झाला. त्यानंतरचा 'प्रेझेन्स' हा अल्बम म्युनिकमध्ये त्यानं चाकांच्या खुर्चीत बसून गायला. गाणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. उभं राहून पोटातून जो दम घेतो, तो खुर्चीत अडकलेल्या अवस्थेत, पाय जायबंदी असताना, कुठून आणायचा? 1977 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना घरी त्याचा पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक आजारपणात गेला. आणि 25 सप्टेंबर 1980 ला ड्रमर जॉन बॉनम गेला, जो झेपेलिनच्याही आधीपासून प्लँटच्या बँडमध्ये होता. उरलेल्या तिघांनी त्याच्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. प्लँट नंतर पुन्हा एकत्र यायला इतका नाखूश का, याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. ज्या घरात इतकं काही घडलं, तिथे परत राहायला जायला माणूस सहजी तयार होत नाही.

आता उरलेलं अर्धं, जे गळ्याचं आहे.

विशीतला प्लँट ज्या ठिकाणी आवाज लावायचा, ती जागा पुरुषाच्या गळ्याला फार महाग पडते. मधल्या 'सा'च्या वरची पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्य भाषेतला 'ए', धरली की स्वरतंतू सेकंदाला 440 वेळा एकमेकांवर आपटतात. प्लँट तिथे पोचून थांबत नसे, त्याच्याही वर आवाजाला खरखर लावून ओरडायचा, आठवड्यातून अनेक रात्री, दोन-तीन तासांच्या मैफलींत. 1970 च्या आणि 1975 च्या मैफलींची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐका. 1975 मध्ये तो वरच्या जागा टाळून ओळीची चाल खाली वळवताना ऐकू येतो. सरावलेला कान नसेल तर वाटेल की लहर लागली म्हणून बदललं. तसं नाही. गळा वाट शोधतोय.

गळा वाट शोधत असताना त्याला जुन्याच रस्त्यावर ढकललं की काय होतं, याचं जाहीर उदाहरण म्हणजे 13 जुलै 1985, फिलाडेल्फिया, लाइव्ह एड ही मदतनिधीची मैफल, जिथे झेपेलिनचे उरलेले तिघे पुन्हा एकत्र वाजवायला आले. प्लँट तेव्हा स्वतःच्या दौऱ्यावर होता, घसा आधीच बसलेला, तालीम जवळपास नाही, ड्रमवर दोन पाहुणे. जगभर थेट प्रक्षेपण. आवाज बसका, बँड विस्कटलेला. पुढे त्या मैफलीच्या अधिकृत डीव्हीडीत झेपेलिनचा भाग घेऊ द्यायलाही त्यांनी नकार दिला.

हे पाहताना मला माझी 36 व्या वर्षीची गोष्ट आठवते. एका हॉटेलात सलग चार रात्री कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी सर्दी. आयोजकाला सांगितलं, तो म्हणाला, पोस्टर छापलेत. तिसऱ्या रात्री खडीसाखर आणि गरम पाण्यावर गायलो. चौथ्या रात्री दुसऱ्याच गाण्यात वरचा सूर लावला आणि आवाजच आला नाही, नुसती हवा. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून दाखवलं, दोन्ही स्वरतंतूंच्या कडा सुजून लाल झाल्या होत्या. सहा आठवडे मौन, मग तीन महिने फक्त खर्जाचा रियाज. त्या तीन महिन्यांत मी प्लँटचे 1980 नंतरचे अल्बम पहिल्यांदा नीट ऐकले. तोवर मीही ते 'झेपेलिन नसलेले' म्हणून बाजूला ठेवले होते.

त्या अल्बममधून जे मला कळलं ते एका वाक्यात सांगतो: प्लँटनं जुना आवाज राखत बसण्यापेक्षा शेजारी दुसऱ्या आवाजाला जागा करून दिली, आणि त्यातून स्वतःचा नवा आवाज घडवला. याचा धागा फार मागे जातो, आणि त्याची एक गाठ आपल्या मुंबईत आहे.

1972 साली पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात त्यांनी इथल्या वादकांबरोबर वाजवलं, ही गोष्ट जुन्या मुंबईकर रॉकवाल्यांकडून तुम्ही ऐकली असेल. त्याहून मोलाचं म्हणजे ते एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत गेले आणि 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केली. वादक जमवण्याचं आणि सांभाळण्याचं काम पंडित विजय राघव राव यांनी केलं. रविशंकरांचे शिष्य, बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनचे संगीतकार. 'फोर स्टिक्स'मध्ये पाच आणि सहा मात्रांची आवर्तनं आळीपाळीनं येतात. वाचायला सोपं, पण तबल्यावर सम धरून बसणाऱ्याला तिथे डोकं लावावं लागतं, कारण चक्र दर वेळी एका मात्रेनं सरकतं. हे ध्वनिमुद्रण कपाटात पडून राहिलं आणि 2015 मध्ये बँडच्या 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. 43 वर्षांनी. तुमच्या बँडला ते नक्की ऐकवा. सफाईदार नाहीये, पण तानपुऱ्यासारखा घुमणारा गिटारचा खुला सूर आणि वर भारतीय तंतुवाद्यं, यात पुढचा सगळा प्रवास आधीच ऐकू येतो.

प्लँट त्याच वर्षांत मोरोक्कोला जात होता, इजिप्तच्या उम्म कुल्सूम या गायिकेचं गाणं ऐकून भारावला होता. ('काश्मीर' हे गाणं आपल्या काश्मीरवर आहे असं अजूनही अनेकांना वाटतं. ते सुचलं मोरोक्कोच्या दक्षिणेला वाळवंटातल्या लांबलचक रस्त्यावर.) तिच्या गाण्यात सुरावरून सुरावर घसरत जाण्याची जी चाल आहे, आपल्या मींडेची सख्खी बहीण, ती प्लँटच्या गळ्यात उतरली. ताकद कमी होत गेली तरी ही घसरण वयाबरोबर गोडच होत गेली, कारण मींडेला जोर लागत नाही, दम आणि कान लागतो.

दुसऱ्या आवाजाचा धागा 1971 चा. 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' या गाण्यात सँडी डेनी ही इंग्लिश लोकगायिका प्लँटच्या समोर गायली. झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बममध्ये पाहुण्या गायिकेचा आवाज फक्त तिथेच आहे. 1994 मध्ये पेज आणि प्लँट 'नो क्वार्टर'साठी एकत्र आले, तेव्हा हेच गाणं त्यांनी नजमा अख्तर या भारतीय वंशाच्या, गझल गाणाऱ्या ब्रिटिश गायिकेबरोबर केलं. त्याच अल्बममध्ये इजिप्तच्या वादकांचा ताफा आहे, माराकेशमधलं ध्वनिमुद्रण आहे, आणि 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' पुन्हा आहेत. मुंबईत अर्धवट राहिलेलं काम बावीस वर्षांनी तडीला गेलं असं मी तरी मानतो. बँडच्या नावाला हात न लावता त्यानं जुनी गाणी नव्या साथीत बसवली. लोक पुनर्मीलन मागत होते, त्यानं पुनर्रचना दिली.

मधली 80 ची वर्षं मी पटकन उरकतो. 1982 चा 'पिक्चर्स ॲट इलेव्हन', 1983 चा 'द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स', दोन्हींत बहुतेक ड्रम फिल कॉलिन्सचे. त्या काळात मंचावर झेपेलिनची गाणी तो कटाक्षानं टाळायचा. 1984 मध्ये हनीड्रिपर्स नावानं जुनी 'सी ऑफ लव्ह' गायला आणि ती अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेली. ती आवर्जून ऐका: एकही किंकाळी नाही, आवाज मखमलीसारखा, मधल्या सप्तकात. तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाकडे दुसरा गळाही आहे. बाकी त्या दशकातल्या सिंथेसायझरच्या आवाजाशी माझं फारसं जमलं नाही.

1999 च्या सुमारास तर त्यानं प्रायरी ऑफ ब्रायन नावाच्या छोट्या मंडळीबरोबर लहान लहान हॉलमध्ये लोकगीतं आणि जुनी गाणी गायला सुरुवात केली. स्टेडियम भरणारा माणूस दोनशे-तीनशे लोकांसमोर! जानेवारी 2003 मध्ये मालीतल्या टिंबक्टूजवळच्या एसाकान इथे, वाळवंटातल्या महोत्सवात गायला. पुढे गांबियाचा जुल्दे कामारा त्याच्या बँडमध्ये आला, एकतारी सारंगीसारखं 'रिटी' हे वाद्य घेऊन. प्रत्येक वेळी प्लँटनं स्वतःला विद्यार्थ्याच्या जागी बसवलं.

आणि आता 2007, ज्याच्यावरून तुमचं भांडण सुरू आहे.

ऑक्टोबरमध्ये 'रेझिंग सँड' हा अल्बम आला, ॲलिसन क्रॉस या अमेरिकन गायिकेबरोबर, जी ब्लूग्रास हा तिथला लोकसंगीताचा प्रकार गाते. 10 डिसेंबरला लंडनच्या ओटू सभागृहात झेपेलिनची एकच मैफल झाली, ॲटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमत एर्तेगुन यांच्या स्मरणार्थ, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी सुमारे दोन कोटी अर्ज आले होते. त्या मैफलीत काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली होती. तुमच्या गिटारवाल्याला हे सांगा: खुद्द जिमी पेजनं गिटार खाली लावली, आणि ती मैफल आजही लोक डोक्यावर घेतात. प्लँट तेव्हा 59 वर्षांचा होता. आवाज गेलेला माणूस दोन तास तसं गाऊ शकत नाही.

त्यानंतर सगळ्यांना दौरा हवा होता. बाकीचे तिघे तालमी करत होते, दुसरे गायक आजमावून पाहत होते. प्लँट 2008 मध्ये क्रॉसबरोबर दौऱ्यावर निघाला आणि सप्टेंबरमध्ये त्यानं स्पष्ट जाहीर केलं की झेपेलिनचा दौरा करणार नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये 'रेझिंग सँड'ला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम रेकॉर्ड.

सर्वोत्तम रेकॉर्डचं ते गाणं म्हणजे 'प्लीज रीड द लेटर'. हे मी दर नव्या विद्यार्थ्याला दोन रूपांत ऐकवतो. पहिलं रूप 1998 चं, पेजबरोबरच्या 'वॉकिंग इन्टू क्लार्क्सडेल' या अल्बममधलं. तिथे गिटार पुढे आहे, ताल पुढे ढकलणारा आहे, आणि प्लँटला त्या गजरावरून ऐकू जायचं म्हणून आवाज रेटावा लागतो. दुसरं रूप नऊ वर्षांनंतरचं. लय संथ, ड्रम दूरवरून आल्यासारखे, आणि प्लँट जवळजवळ बोलल्यासारखा गातो. त्याच्या अगदी लगत क्रॉसचा सूर. माणूस तोच, गाणं तेच, नऊ वर्षांनी म्हातारा झालेला, आणि तरी दुसऱ्यात शब्द जास्त आत जातो.

हे कसं साधतं ते सांगतो, कारण तुम्हाला तेच लागणार आहे. दोघांनी वेगवेगळ्या सुरांवर एकच ओळ गायची तर प्रत्येक अक्षर एकाच क्षणी उघडावं लागतं आणि एकाच क्षणी मिटावं लागतं. शब्दाच्या शेवटचा 'र' किंवा 'स' एकानं आधी सोडला की लगेच कानाला खुपतं. श्वास एकाच जागी. स्वराचं तोंड सारखं: एकाचा 'ए' पसरट आणि दुसऱ्याचा गोल असेल तर सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं. क्रॉस लहानपणापासून ब्लूग्रासमध्ये हेच करत आलेली. प्लँट आयुष्यभर एकटा पुढे उभा राहून, दर रात्री ओळ वेगळी गाणारा. 58-59 व्या वर्षी त्याला ओळ पक्की करून, कमी गाऊन, समोरच्याच्या ओठांकडे बघत गायला शिकावं लागलं. आवाजाचा मास्तर म्हणून मला त्याच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात धाडसाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे हे विशेष अवघड जातं. भजनात बुवांच्या मागे सगळे एकाच सुरात म्हणतात, आणि तेच आपल्या कानात मुरलेलं असतं. माझ्याकडे येणारा मराठी गायक दुसरा सूर धरायला सांगितला की चार ओळींत घसरून मूळ चालीवर येतो. गोव्याची मुलं मात्र हे सहज करतात, कारण मांडो ही तिथली पारंपरिक गाणी दोन आवाजांत ऐकतच ती मोठी झालेली असतात.

प्लँट पुढेही दुसऱ्या आवाजाच्या शेजारीच राहिला. 2010 मध्ये 'बँड ऑफ जॉय', त्यात गायिका पॅटी ग्रिफिनचा आवाज. 2021 मध्ये पुन्हा क्रॉसबरोबर 'रेझ द रूफ'. आणि 2019 पासून सेव्हिंग ग्रेस ही छोटी मंडळी, सुझी डियन या गायिकेबरोबर; या मंडळीचा अल्बम सप्टेंबर 2025 मध्ये आला. तो तेव्हा 77 वर्षांचा होता. जुन्या गाण्यांशी त्याचं वैर आहे असंही नाही. क्रॉसबरोबरच्या दौऱ्यांत 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' होतंच, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये कॅन्सरग्रस्तांसाठीच्या एका कार्यक्रमात, ओटूनंतर पहिल्यांदाच, त्यानं 'स्टेअरवे टू हेवन' गायलं. शांतपणे, खाली, कुठेही न रेटता.

आता तुमचं. आधी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या; दोन वर्षं सूर फाटतोय म्हणजे ते पुढे ढकलू नका. गाठ किंवा सूज नसेल तर ती चार-पाच गाणी एक पूर्ण सूर खाली घ्या, गिटार खाली लावून, म्हणजे बोटांच्या जागा बदलणार नाहीत आणि तुमच्या मित्राची तक्रारही उरणार नाही. कार्यक्रमात ती सलग ठेवू नका. आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की कीबोर्ड वाजवणारी मुलगी बरं गाते. तिला पुढच्या तालमीला 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मधला डेनीचा भाग द्या. पहिले आठ दिवस वाद्यांशिवाय, दोघंच समोरासमोर बसून, फक्त शब्दांची शेवटची अक्षरं जुळवा. तुमच्या फाटणाऱ्या जागा कोणत्या आणि तिचा सूर कुठवर जातो ते मला लिहा, मग पट्टी नक्की करू.